पहिल्या रांगेतल्या आत्या

नागपुरात येऊन गेलेला टीव्हीवरचा एकही विनोदी नट फॉलवाल्या आत्यांच्या नजरेतून सुटला नाही, आणि एकालाही त्यांनी आपलं हसू दिलं नाही. कोणी सराफाच्या दुकानाची फीत कापायला आला, कोणी गणपतीत तासाभराचा कार्यक्रम करून गेला, कोणी शाळेच्या संमेलनात बक्षिसं वाटली, की आत्या तिथे हजर. पहिली रांग. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, आणि मान जरा उजवीकडे कललेली. भोवतीची माणसं खुर्चीवरून पडायच्या बेताला येत आणि मधोमध ही बाई देवळाच्या खांबासारखी. एका नटाने तर न राहवून मध्येच विचारलं होतं, "मावशी, घरी सगळं ठीक आहे ना?" आत्या म्हणाल्या, "तुमचं चालू द्या भाऊ. मी ऐकून राहिली."

गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन साड्या शेजारी शेजारी वाळत घालाव्यात एवढी रुंदी. आत एक शिलाई मशीन, रंगीत रिळांची फळी, आणि उंचावर एक टीव्ही. त्या टीव्हीचं तोंड गल्लीकडे होतं. आत्यांना तो दिसतच नसे. येणारीजाणारी पोरं बघत, साडी घेऊन आलेल्या बाया बघत, आणि आत्या खाली मान घालून साडीच्या काठाला फॉल लावत नुसत्या ऐकत. मी एकदा म्हटलं, "अहो, तोंड फिरवून घ्या की त्याचं." तर म्हणाल्या, "चेहरा पाहून काय करू जी? चेहरा त्याचा राहते. शब्द दुसऱ्याचा राहते."

हे वाक्य मला कळायला बरेच दिवस लागले. मी तेव्हा फार शहाणी होते.

आता त्या शहाणपणाविषयी थोडं सांगते. मी बावन्न वर्षांची होते आणि मुलींच्या एका शाळेत संस्कृत शिकवत होते. स्टाफरूममध्ये मी सांगत असे की आमच्याकडे टीव्ही फक्त बातम्यांपुरता लागतो. हे खरंच होतं. फक्त त्या बातम्या खोट्या असत. दर शुक्रवारी संध्याकाळी एक गृहस्थ कोट घालून, कपाळाला आठ्या घालून, न घडलेल्या बातम्या वाचत, आणि सरकारपासून आपल्यासारख्यांपर्यंत सगळ्यांची खिल्ली उडवत. त्यांच्या त्या आठ्यांच्या मी प्रेमात होते. दुसरा शब्द नाही. शुक्रवारची शिकवणी मी गुरुवारवर ढकलली होती आणि मुलींना कारण दिलं होतं चतुर्थीचं. चतुर्थी दर आठवड्याला येत नाही, हे त्या गुणी मुलींनी कधी काढलं नाही.

तर हा बातम्यावाला सक्करदऱ्याला एका सराफाच्या दुकानाच्या उद्घाटनाला येणार, अशी जाहिरात पेपरात आली. मी त्याच दिवशी किरमिजी साडी घेतली आणि फॉल-पिको तातडीने हवं म्हणून कोणीतरी सुचवलेल्या या दुकानी गेले. आत्यांची माझी ती पहिली भेट.

"कोठी चालल्या मॅडम येवढ्या घाईनं?"

"एका साहित्यिक कार्यक्रमाला," मी म्हणाले.

आत्यांनी दोरा दाताने तोडला. "मंग सोन्याच्या दुकानात काहून ठेवला तो?"

त्यांनी वर न बघता साडीची घडी केली आणि म्हणाल्या, "मी बी तठीच जाऊन राहिली. बारा वाजता निघू. लवकर गेलं तं पुढं जागा भेटते."

उद्घाटनाच्या दिवशी मी त्या गृहस्थांवर एक श्लोक रचून नेला होता. होय, संस्कृतमध्ये. चांगल्या कागदावर, निळ्या शाईने. गर्दीतून वाट काढत, कोपराने दोन कॉलेजकन्यांना बाजूला सारत मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. ऊन मी म्हणत होतं. त्यांनी त्या कागदाने आधी कपाळ टिपलं, मग मान टिपली, आणि बोळा करून शेजारच्या रखवालदाराच्या हातात दिला. आणि तेव्हाची ती बाई, म्हणजे मी, मनात काय म्हणाली माहीत आहे? की बघा, कपाळाला लावला!

आत्या त्या वेळी माझ्या शेजारी नव्हत्याच. भाषण संपता संपता त्या उठून दुकानाच्या मागे गाड्या उभ्या होत्या तिकडे गेल्या होत्या. मी शोधत गेले तेव्हा त्या ड्रायव्हरला विचारत होत्या, "याच्यासंगं लिहिणारा कोणी आला का भाऊ? मधुकर नावाचा? उमरेडचा?" ड्रायव्हर म्हणाला, "लिहिणारे काय, येतात न् जातात. मला कपडे कोणत्या बॅगेत आहेत ते विचारा." आत्यांनी मान हलवली. परतीच्या ऑटोत बसल्यावर पिशवीतून, रखवालदाराने मागे गाड्यांपाशी फेकलेला, माझा बोळा काढला, मांडीवर ठेवून हाताने सपाट केला आणि मला दिला. "घ्या. तुमचा साहित्यिक कार्यक्रम."

मला तेव्हा रडूच आलं असतं. पण त्यांनी मला तेवढी सवड दिली नाही. तुकडोजी पुतळ्यापासून घरापर्यंत त्यांनी आपली गोष्ट सांगितली, एका सुरात, जशी मशीन चालते तशी.

आत्यांचं घर उमरेडचं, विणकराचं. वडील दिवसभर मागावर बसत. सूत ज्या जुन्या वर्तमानपत्रात बांधून येई, तो कागद ते संध्याकाळी काम आटोपताना हातात धरत आणि बातम्या वाचत. कागदावरच्या नव्हे, घरच्या. "उमरेडहून बातमी. आज वरणात मीठ नाही. याबाबत विचारले असता सरकार चूप आहे." सरकार म्हणजे आई. शेगडी पेटली नाही तर चौकशी समिती नेमली जाई, आणि समितीत शेगडीच असे. रोज शेवटी एकच वाक्य. "बातम्या संपल्या, धोटा ठेवला." मग ते हातातला धोटा खरोखर मागावर ठेवत. सुताचा आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तो होडीसारखा लाकडी तुकडा ठेवला की कामही संपलं आणि बातम्याही.

आई लवकर गेली. मधुकर, म्हणजे मध्या, तेव्हा सहा वर्षांचा होता. आत्यांनी त्याला वाढवलं आणि त्यात त्यांचं लग्न राहून गेलं ते गेलंच. मध्या वीस वर्षांचा झाला आणि वडीलही गेले. त्यानंतर महिनाभरात गणपती आले. मोहल्ल्याच्या मांडवात मध्या अचानक उभा राहिला, हातात रद्दीचा कागद धरला आणि वडिलांच्या आवाजात बातम्या वाचू लागला. मांडव हसून लोटपोट. आत्या उठल्या, स्टेजवर चढल्या आणि सगळ्यांदेखत त्याला म्हणाल्या, "बाप जाऊन महिना नाही झाला अन् त्याचा तमाशा करून राहिला? तुह्या तोंडाकडे पाहून जिंदगीत कोणी हसणार नाही." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने तो गेला. मुंबईला गेला एवढं कोणाकडून तरी कळलं. मला हे सांगितलं तेव्हा त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. पत्र नाही, फोन नाही.

"अन् खरं सांगू का मॅडम? मले हसू आलं होतं. पदर कोंबला होता मी तोंडात. बाबा जसाच्या तसा उभा केला नं त्यानं. हसू आलं म्हणून तं राग आला. मले त्याले येवढंच सांगा लागते, का मी हसली होती."

मी म्हणाले, "शोकाच्या पोटातूनच हास्य जन्म घेतं, असं आपल्या शास्त्रात..."

"पाणी प्या तुम्ही," आत्या म्हणाल्या. "ऊन लागलं तुमाले."

मध्याचा पत्ता लागला तो टीव्हीमुळेच. माझी ओळख होण्याआधी, एका शुक्रवारी संध्याकाळी आत्या फॉल लावत असताना गल्लीकडे तोंड केलेल्या त्या टीव्हीतून बातम्यावाल्याचा आवाज आला. "मंत्रालयाच्या उपाहारगृहातून बातमी. आज वरणात मीठ नाही. याबाबत विचारले असता सरकार चूप आहे." सुई आत्यांच्या बोटात गेली. पोरं हसत होती. आत्यांनी बोट तोंडात धरलं आणि त्यांना कळलं, की आपला भाऊ जिवंत आहे, मुंबईतच आहे, आणि या कोटवाल्या माणसाच्या तोंडून बोलतो आहे. त्यांनी वाहिनीच्या पत्त्यावर पत्र घातलं. उत्तर आलं नाही. कार्यक्रमाच्या शेवटी नावं सरकत, ती इतक्या वेगाने की चष्मा लावूनही मला फक्त आभार दिसत.

मग आत्यांनी आपला विचार लढवला. "कार्यक्रम तं दहा जण मिळून लिहितात जी. पण तो तिकडून सुटला, दुकानात आला, नाटकात आला, रेडिओवर बोलला, तं तठी त्याले एकच लिहिणारा लागते. आपल्या भरवशाचा. तो संगं राहू शकते." म्हणून त्यांना मुख्य कार्यक्रमापेक्षा या लोकांचे जोडधंदे महत्त्वाचे. कोणी मसाले काढले, कोणी मुलांसाठी शिबिर घेतलं, कोणी एकपात्री सुरू केलं, कोणी पेपरात सदर लिहायला लागलं, सगळं आत्यांना ठाऊक. जाहिरातींची कात्रणं त्या फॉलच्या एका लांब पट्टीवर कच्च्या टाक्यांनी टाचून ठेवत. जुनं झालं की टाका उसवायचा, नवं टाचायचं. मी एकदा विचारलं, सरळ मुंबईला का जात नाही? मशीन थांबलं. "त्याचं दार वाजवायची हिंमत नाही माही. रस्त्यात दिसला तं गोष्ट वेगळी. रस्त्यात दिसलेल्या माणसाले कोणी नाही म्हणत नाही."

त्यानंतरची दोन वर्षं मला आता एकाच लांब दुपारसारखी आठवतात. कूलरच्या वाळ्याचा वास, मशीनची घरघर, रिळांच्या फळीवर सरकत जाणारं ऊन, आणि रेडिओत कोणीतरी कोणाला तरी हसवतंय. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसे. घरी सांगे, साडीचं काम आहे. यजमान म्हणाले सुद्धा एकदा, "एवढ्या साड्या कुठे आहेत पण?" आम्ही उमरेडला गेलो, खापरखेड्याच्या वसाहतीत गेलो, कुठल्या कुठल्या मैदानांत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. मी बातम्यावाल्याच्या आठ्या बघायला जाई आणि आत्या त्या आठ्यांमागून भाऊ ऐकायला. येताना एसटीच्या खिडकीतून शेतं मागे जात, आत्या डोळे मिटून बसत, आणि एखादं वाक्य पुटपुटून बघत. मग म्हणत, "नाही. हे त्याचं नोहे." किंवा कधीतरी, हळूच, जशी खाऊची पुडी उघडावी तशी, "हे त्याचं होय."

एका हिवाळ्यात बातम्यावाल्याचं एकपात्री लागलं. नाटकगृह भरलेलं. आत्या पहिल्या रांगेत, मान कललेली. मध्यंतरातच त्या उठल्या. "चला. मध्या इथी नाही."

"अहो, अजून अर्धा कार्यक्रम आहे!"

"तुम्ही पाहा तुमच्या आठ्या. यानं मध्याले सोडलं, नाही तं मध्यानं याले." त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी आठ्यांवर पाणी सोडून त्यांच्यामागे बाहेर आले. बाहेर उसाच्या रसाच्या गाडीशी आम्ही उभ्या राहिलो. आत्यांनी ग्लास हातात धरला आणि प्यायला विसरल्या. एवढ्या मोठ्या मुंबईत एकच खिडकी उघडी होती, ती आज बंद झाली होती.

चार महिने आत्या नुसत्या ऐकत राहिल्या. कोणाचंही. पुण्याचे, कोल्हापूरचे, हिंदीतलेही. आणि मग एका सकाळी रेडिओवरच्या गप्पांत एका दुसऱ्याच नटाचा आवाज आला. हा टीव्हीवर नऊवारी लुगडं नेसून खाष्ट सासू होत असे. आत्या त्याला लुगड्यातला म्हणत. तो सांगत होता, "आमच्याकडे काल कुकरने शिट्टी दिली नाही. चौकशी समिती नेमली. समितीत कुकरच."

आत्या मशीनवरून उठल्या. "शेगडीचा कुकर केला लेकानं!" त्या दिवशी त्यांनी मला जिलबी खाऊ घातली. पण हसल्या मात्र नाहीत. ते हसू कोणासाठी तरी ठेवलेलं होतं, आणि त्या ते सुटं करायला तयार नव्हत्या.

आता मौद्याची गोष्ट. ही सांगताना मला अजून घाम फुटतो.

साडी द्यायला आलेल्या एका बाईने सांगितलं की लुगड्यातला नट रविवारी मौद्याला येतोय, त्याची सासुरवाडी तिथली, सभागृह घेतलं आहे, अकरा वाजता. आत्यांनी वेळ विचारली, सभागृह कुठे ते विचारलं, बस कोणती ते विचारलं. कशासाठी, हे आम्ही दोघींनीही विचारलं नाही. टीव्हीवरचा माणूस सभागृहात कशाला येतो, हे आम्हाला दोन वर्षांच्या अनुभवाने पाठ होतं.

मी पिवळीधमक साडी नेसले. मोगऱ्याचा गजरा माळला. गॉगल घातला. आत्या म्हणाल्या, "मॅडम, हळद लावून घेतली असती तं नवरीच दिसल्या असत्या." बस भंडारा रोडने निघाली. कन्हानचा पूल गेला, धानाची शेतं आली, आणि दूर वीजकेंद्राची धुराडी धुक्यात अशी उभी होती, की खरी वाटेनात. आत्या खिडकीशी. आज मध्या असेल, असं त्या म्हणाल्या नाहीत. पण त्यांनी केसांना तेल लावलं होतं.

सभागृहात आम्ही थेट पहिल्या रांगेत बसलो. समोर टेबलावर एका बाईंचा फोटो, फोटोला हार. "देणगीदार असाव्यात," मी म्हणाले. माणसं पांढऱ्या कपड्यांत. "साधं गाव आहे," मी म्हणाले. इतक्यात बाजूच्या दारातून लुगड्यातला आला, अर्थात लुगडं न नेसता, पांढऱ्या सदऱ्यात, खाली मान घालून. आणि मी टाळ्या वाजवल्या. एकटीने. जोरात.

सगळं सभागृह वळलं. आत्यांनी माझे दोन्ही हात धरून खाली ओढले. "बापा! मॅडम, हात खाली करा. ही तेरवी होय."

त्याच्या सासूबाईंची तेरवी होती, म्हणजे तेराव्या दिवसाचं जेवण. मी गॉगल काढावा की ठेवावा हे मला कळेना. काढला तर डोळे दिसणार, ठेवला तर गॉगल. आम्ही उठून चालू लागलो तोच एक म्हातारी आडवी आली. "कोण वं तुम्ही? शीलाच्या ऑफिसातल्या का?" शीला कोण हे ठाऊक नसताना आत्या म्हणाल्या, "हो." म्हातारी म्हणाली, "मंग अशा कशा चालल्या? तेरवीचं जेवण टाकून जात नाही. बसा पंगतीत."

बसलो. पांढऱ्या रांगेत मी पिवळी. पोळी आली, भोपळ्याची भाजी आली, वडे आले, आणि वरणाची बादली घेऊन खुद्द लुगड्यातला आला. जावई असून हाताने वाढत होता. डोळे सुजलेले. त्याने आत्यांच्या पानावर वरण वाढलं आणि पुढे सरकणार तोच आत्यांनी घास तोंडात घातला.

वरणात मीठ नव्हतं.

मी शपथेवर सांगते, आत्यांनी ते ठरवून केलं नाही. त्या पानाकडे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडून आपोआप, अगदी हलक्या आवाजात आलं, "मौद्याहून बातमी. आज वरणात मीठ नाही. याबाबत विचारले असता सरकार चूप आहे." लुगड्यातला कसनुसं हसला. हे वाक्य आता महाराष्ट्राला पाठ होतं. असे चाहते त्याला रोज भेटत असणार. तो पुढच्या पानाकडे वळला. आणि आत्या स्वतःशीच पुढे म्हणाल्या, "बातम्या संपल्या. धोटा ठेवला."

पळी बादलीतच राहिली.

"हे शेवटचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काहून?"

"हे कधी टीव्हीवर आलेलं नाही. आमचा एक लेखक आहे, तालीम संपली की रोज एवढं म्हणतो आणि वही मिटतो. धोटा म्हणजे काय विचारलं तर सांगत नाही."

आत्यांचा हात पानावरच थांबला होता. "माह्या बाबाचा होता तो. मागावरचा." मग त्याच्याकडे वर बघून, "जेवते का तो वेळेवर?"

त्या माणसाने बादली खाली ठेवली. धोतराला हात पुसला, खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि काही न बोलता आत्यांच्या कानाला लावला. फोनमधला आवाज मोठा होता. शेजारी बसून मला सगळं ऐकू आलं.

"बोला दादा. आज कसा काय फोन? सगळं आटोपलं का?"

आत्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"हॅलो? दादा?"

"मध्या."

पलीकडे पंखा फिरत होता. त्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. मला वाटलं फोन कटला. मग अगदी लहान मुलासारखं, "बाई?" आमच्याकडे मोठ्या बहिणीला तसं म्हणतात.

आत्यांचे ओठ हलत होते. अकरा आणि दोन तेरा वर्षं जे एक वाक्य त्या घेऊन फिरल्या होत्या, ते जागेवर नव्हतं. पलीकडे मध्यानेच घसा साफ केला. आवाज बदलला, जाडसर, म्हाताऱ्या माणसाचा झाला.

"मुंबईहून बातमी. लहान भाऊ तेरा वर्षं घरी आला नाही. चौकशी समिती नेमली आहे." तो थांबला. श्वास घेतला. "समितीत भाऊच आहे."

आणि आत्या हसल्या.

मी ते हसू पहिल्यांदाच ऐकत होते. नवं कोरं कापड फाडावं तसं ते एका टोकाकडून सुरू झालं आणि थांबेना. पदर होता, पण पदराकडे हात गेला नाही. सगळी पंगत थांबली. हार घातलेल्या फोटोसमोर एक तेल लावलेली बाई मोठ्याने हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वरणात पडत होतं. पलीकडच्या रांगेतून कोणी म्हातारबुवा ओरडले, "अवं बाई, कोठी आहे तू, काही समजते का?" तेव्हा लुगड्यातला म्हणाला, "असू द्या मामा. आमच्या सासूबाईंना हसतं घर लागायचं. बारा दिवसांत आज पहिल्यांदा कोणी हसलंय." आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"ऐकू आलं का?" आत्या फोनमध्ये म्हणत होत्या. "मध्या, ते मी होय. मी हसून राहिली. तवाही हसली होती रे. मांडवात. पदरात हसली होती."

परतीच्या बसमध्ये त्या बसल्याबरोबर झोपल्या. तोंड उघडं टाकून, माझ्या खांद्यावर डोकं टाकून. धुराड्यांमागे सूर्य उतरत होता आणि सगळी बस संत्र्याच्या सालीच्या रंगाची झाली होती. मी हलले नाही.

मध्या दिवाळीला आला. टक्कल पडलेला, चष्मा लावलेला, अंगाने अगदी किरकोळ. दुकानाच्या पायरीशी उभा राहिला. आत्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "हे येवढंसं राहिलं का? बाकीचा कुठी ठेवला?" मग दोघं दार लावून आत बसली. गल्लीतल्या बायांना त्या दिवशी साड्या मिळाल्या नाहीत.

त्यानंतर कोणताही नट नागपुरात आला तरी आत्या गेल्या नाहीत. मी जाहिरात दाखवली की म्हणत, "माहं काय काम आता तठी?" आणि उन्हाळ्यात मध्याने त्यांना मुंबईला नेलं. स्टेशनवर मी एक छान भाषण पाठ करून गेले होते. आत्यांनी डब्याच्या दारातून ते ऐकून घेतलं, निम्मं. मग म्हणाल्या, "मॅडम, तो गॉगल घालत नका जाऊ. पडाल कोठी तरी." गाडी हलली. मी गॉगलच घातला होता, आणि बरंच झालं.

फोन होत राहिले, आधी आठवड्याला, मग सणावाराला. आम्ही पुन्हा भेटलो नाही. मी येते म्हणाले, त्या येते म्हणाल्या. गेल्या वर्षी मध्याचाच फोन आला. झोपेतच गेल्या.

या वर्षी मध्या नागपूरला आला, पण कोणाच्या पाठीमागे नव्हे. स्वतः स्टेजवर उभा राहून बोलायला. इतकी वर्षं दुसऱ्यांना शब्द देणाऱ्या माणसाचा हा नवा उद्योग. रविवारी दुपारचा प्रयोग होता. मी नातीला घेऊन गेले. आमचं तिकीट बाराव्या रांगेतलं, आणि त्याला मी कळवलं नव्हतं. मध्यंतरानंतर त्याने मौद्याची गोष्ट काढली. बहिणीची कमी, दुसऱ्या बाईची जास्त. पिवळी साडी, गजरा, गॉगल, संस्कृतच्या शिक्षिका. टाळ्या वाजवतात तेरवीत. त्याने टाळ्या वाजवून दाखवल्या. गॉगल काढावा की ठेवावा, हे तर असं केलं, की मला शंका आली, हा तिथे होता की काय. नाटकगृह कोसळलं. नात माझ्या मांडीवर डोकं आपटत होती. "आजी, असं कोणी खरंच असतं का गं?"

"असतं," मी म्हणाले.

आयुष्यभर मला वाटत होतं की टीव्हीवरच्या कोणीतरी आपली दखल घ्यावी. घेतली. चांगली पंधरा मिनिटं.

मग हसू ओसरल्यावर मध्या सहज म्हणाला, "आमची बाई ही गोष्ट घरी आलेल्या प्रत्येकाला सांगायला लावायची. स्वतः शेजारी बसून ऐकायची आणि दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी हसायची. आणि गोष्ट संपली, की पाहुण्याला सांगायची, ती पिवळ्या साडीतली माही मैत्रीण होय. जिंदगीत एकच झाली."

तोंडावर त्यांनी मला मॅडमखेरीज दुसरी हाक कधी मारली नाही. मी त्यांची मैत्रीण होते, हे मला कळलं ते असं, बाराव्या रांगेत, अंधारात, तिकीट काढून.